तिसऱ्याच गावातली भाऊबंदकी

बर्लिनमधल्या एका बड्या हॉटेलच्या खोलीत शस्त्रांचा सौदा चाललाय. माल उत्तर कोरियाचा, गिऱ्हाईक अरब, मधला दलाल रशियन. त्याच इमारतीत दुसरीकडे दक्षिण कोरियाचा एक मुरलेला गुप्तहेर अधिकारी छुप्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांना डोळे लावून बसलाय. सौदा ऐन रंगात येतो आणि फिसकटतो. गोळ्या सुटतात, पळापळ होते, उत्तर कोरियाचा तो माणूस गच्चीकडे धावतो. दक्षिणेचा अधिकारी त्याला गाठतोही. पण तो निसटतो. मग त्याचा फोटो नोंदींशी ताडून पाहायला घेतात, तर तो कुठल्याच नोंदीत नाही. नाव नाही, जन्मगाव नाही, काहीच नाही.

ऱ्यू सुंग-वान या दिग्दर्शकाचा ‘द बर्लिन फाइल’ असा सुरू होतो. चित्रपट 2013 सालचा, चित्रीकरण बर्लिनमध्ये आणि लाटव्हियातल्या रिगा शहरात झालेलं. कोरियात सत्तर लाखांहून जास्त तिकिटं खपली. आपल्याकडे कोरियन मालिकांचं वेड घराघरांत शिरल्यावर पुष्कळांनी जुने कोरियन चित्रपट शोधून पाहिले, त्यात हाही पाहिला गेला. मारधाड बघायला म्हणून लावला आणि नवरा-बायकोच्या गोष्टीत गुंतलो, असं सांगणारे मला बरेच भेटलेत. मीही त्यातलाच. पुढे कथेचा शेवट उघड करणार आहे, तेव्हा ज्यांना कोरा अनुभव हवा त्यांनी आधी पाहून यावं.

तर हा नोंदीत नसलेला माणूस म्हणजे प्यो जोंग-सोंग. हा जंग-वू या नटाने ही भूमिका फार कमी बोलून केली आहे. त्याची बायको जंग-ही बर्लिनच्या उत्तर कोरियन वकिलातीत दुभाषी आहे. ती जुन जी-ह्यूनने केली आहे. प्याँगयांगहून म्योंग-सू नावाचा एक तरुण अधिकारी येतो. तिथल्या एका बड्या धेंडाचा हा मुलगा. वकिलातीतलं कोणीतरी फितूर आहे, त्याचा छडा लावायचा, हे त्याचं काम. तो जोंग-सोंगला सांगतो, संशय तुझ्या बायकोवर आहे. तूच तपास कर. उत्तर कोरियाचा सर्वेसर्वा किम जोंग-इल डिसेंबर 2011 मध्ये वारला आणि सत्ता मुलाकडे, किम जोंग-उनकडे आली, त्या उलथापालथीचं सावट साऱ्या कथेवर आहे. जुन्या माणसांना हटवून आपली माणसं बसवायची, तर आधी त्यांच्यावर फितुरीचा शिक्का मारावा लागतो. जोंग-सोंग हा या डावातला मोहरा. आपण देशासाठी काम करतोय अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे आणि म्हणूनच तो बायकोच्या मागावर निघतो.

चित्रपटातले जीव गुदमरवणारे प्रसंग इथे आहेत. नवरा घरी येतो, बायको समोर आहे, दोघं जेमतेम चार वाक्यं बोलतात. तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का, हे तो निरखतोय. तो निरखतोय हे तिला कळलंय. तो रस्त्यातून तिचा पाठलाग करतो, ती कुठे जाते, कोणाला भेटते हे बघतो. तिला दिवस गेलेत हे त्याला कळतं तेही संशयाच्या याच दिवसांत. वकिलातीने पाहुण्यांच्या सरबराईच्या नावाखाली तिला काय करायला लावलं आहे, हेही त्याला माहीत असतं आणि त्याने ते सोसलेलं असतं. बंदुकीच्या साऱ्या आवाजापेक्षा मला या घरातली शांतता जड गेली.

बर्लिनच का, हा प्रश्न चित्रपट संपल्यावरही माझ्या मनातून गेला नाही. हेरकथा म्हटली की बर्लिन, हे उत्तर वरवरचं झालं. त्याच्या खाली आणखी एक उत्तर आहे.

दोन्ही कोरियांमध्ये सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद असा निर्लष्करी पट्टा आहे. नावाला निर्लष्करी, दोन्ही कडांना सैन्य खडं. पत्र नाही, फोन नाही. दक्षिण कोरियात 1948 पासून राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहे. उत्तरेच्या माणसाशी परवानगीशिवाय संपर्क ठेवला तर तो गुन्हा ठरू शकतो. उत्तरेत तर विचारायलाच नको. म्हणजे सोलमधल्या माणसाला प्याँगयांगमधला माणूस सहज भेटू शकेल अशी जागा कोरियात नाही. ती परदेशातच सापडते. आपल्याकडे वाटण्यांवरून बोलणं टाकलेले सख्खे भाऊ गावात एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण तिसऱ्याच गावात भाचीच्या लग्नाला गेले की एका पंगतीत बसावं लागतं; तसंच हे. बर्लिन, बीजिंग, बँकॉक, मोगादिशू ही कोरियन चित्रपटांतली पंगतीची गावं आहेत. चांगल्या कोरियन हेरपटांतला बराच मोठा भाग परदेशात घडतो त्याचं कारण मला हे वाटतं. विमानतळं आणि चकचकीत हॉटेलं दाखवायची हौस सगळ्यांनाच असते. इथे मात्र गोष्टीलाच परदेशाची गरज आहे, कारण घरी ही दोन माणसं समोरासमोर येऊच शकत नाहीत.

बर्लिनला तर या बाबतीत खराखुरा, जखमी इतिहास आहे.

1960 च्या दशकात पश्चिम जर्मनीत कोरियन माणसं मोठ्या संख्येने आली. 1963 पासून खाणकामगार, पुढे परिचारिका. शिवाय शिकायला आलेली मुलं, चित्रकार, संगीतकार. दक्षिण कोरिया तेव्हा गरीब होता आणि जर्मनीतून घरी जाणारा पैसा मोलाचा होता. पश्चिम बर्लिनमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला भिंतीपलीकडे पूर्व बर्लिनमध्ये दिवसभरासाठी जाऊन येता यायचं आणि पूर्व बर्लिनमध्ये उत्तर कोरियाची वकिलात होती. कोरियन युद्धात ताटातूट झालेला मुलगा, भाऊ, जिवलग मित्र उत्तरेत जिवंत आहे का, हे विचारायचं तर जगात हा एक दरवाजा उघडा होता. काही जण गेले. काहींनी पैसे घेतले, काही थेट प्याँगयांगलाही जाऊन आले.

इसांग युन हा संगीतकार त्यातलाच. 1917 चा जन्म, दक्षिण किनाऱ्यावरच्या तोंगयोंगमध्ये वाढलेला, युरोपात नाव काढलेला. 1963 मध्ये तो उत्तरेत गेला, कारणं दोन. एक जुना मित्र तिथे होता. आणि दुसरं, गांगसोच्या प्राचीन थडग्यांतली भित्तिचित्रं त्याला डोळ्यांनी पाहायची होती. चार दिशांचे चार रक्षक प्राणी, हजार-दीड हजार वर्षांपूर्वी दगडावर रंगवलेले. जून 1967 मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तहेर खात्याच्या माणसांनी युनला पश्चिम जर्मनीतून उचललं आणि सोलला नेलं. बायकोलाही नेलं. पॅरिसहून ली उंग-नो या नामांकित चित्रकाराला नेलं. त्यांच्यासारखे आणखी कितीतरी. परक्या सार्वभौम देशाच्या हद्दीतून माणसं पळवून नेली म्हणून बॉनमधलं पश्चिम जर्मन सरकार खवळलं. सोलमध्ये मात्र जुलैत मोठा गाजावाजा करून जाहीर झालं की पूर्व बर्लिनमधून चालणारं हेरांचं जाळं पकडलंय. 194 जणांची नावं त्यात गोवली गेली. त्याच जूनमध्ये झालेल्या निवडणुकीत गैरप्रकार झाले म्हणून सोलच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले होते. या बातमीने त्यांचा आवाज झाकोळला.

छळ झाला, जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या, फाशीच्याही सुनावल्या गेल्या. फाशी प्रत्यक्षात दिली गेली नाही. युनने कोठडीत जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढे त्याला कागद मिळाला तेव्हा त्याने गोठवणाऱ्या थंडीत एक ऑपेरा पुरा केला. आणि बासरी, ओबो, व्हायोलिन, चेलो अशा चार वाद्यांसाठी ‘इमाजेस’ नावाची रचना केली, त्या थडग्यातल्या चार प्राण्यांवर. ज्या चित्रांपायी तुरुंगात पडला, त्यांनाच त्याने तुरुंगात बसून सूर दिले. बाहेर संगीतकार स्ट्राविन्स्की, वाद्यवृंद-संचालक कारायान यांच्यासह दोनशेच्या आसपास कलावंतांनी त्याच्या सुटकेसाठी सह्या केल्या. 1969 मध्ये तो सुटला, जर्मनीला परतला, 1971 मध्ये जर्मन नागरिक झाला आणि 1995 मध्ये बर्लिनलाच वारला. तोंगयोंग पुन्हा दिसलं नाही. 2018 मध्ये त्याच्या अस्थी तिथे नेल्या. त्याच्याबद्दल दक्षिणेत आजही दोन तट आहेत, कारण पुढच्या आयुष्यात उत्तरेशी त्याची जवळीक वाढली होती. ही जवळीक अनेकांना टोचते आणि त्यांचं टोचणं मी खोटं म्हणणार नाही. पण चित्रं पाहायला गेलेल्या माणसाला पोत्यासारखं उचलून न्यायचं, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

ली उंग-नोचं कारण तर त्याहून साधं. युद्धात हरवलेला मुलगा उत्तरेत आहे असं कळलं आणि तो बापाला भेटेल असं सांगितलं गेलं, म्हणून हा पूर्व बर्लिनला गेला होता. तुरुंगात रंग मिळेनात. तेव्हा त्याने जेवणातला भात वाचवला, वर्तमानपत्राच्या कागदाबरोबर मळून त्याचा लगदा केला आणि त्यातून मूर्ती घडवल्या. सोयाबीनच्या सॉसची शाई करून चित्रं काढली. भाताच्या शितांनी केलेल्या त्या मूर्ती आज कलाकृती म्हणून जपल्या जातात. मुलाला भेटायला जाणं हा ज्या काळात हेरगिरीचा पुरावा ठरतो, त्या काळात प्रत्येक बाप संशयित असतो. दक्षिणेच्याच एका सरकारी चौकशीने 2006 मध्ये मान्य केलं की प्रकरण फुगवलं गेलं होतं. बहुतेकांच्या आयुष्याची तोवर वाट लागलेली होती.

हे वाचल्यावर मी ‘द बर्लिन फाइल’ पुन्हा पाहिला, तेव्हा जंग-हीच्या पाठलागाची दृश्यं वेगळी दिसली. कागदावर संशय आधी उमटतो आणि माणूस त्यात नंतर बसवला जातो, हे बर्लिनमध्ये याआधी घडून गेलंय. चित्रपटात ते उत्तरेकडून होतं, 1967 मध्ये दक्षिणेकडून झालं होतं. दिग्दर्शकाने ही गोष्ट उघड कुठे म्हटलेली नाही. पण कोरियन प्रेक्षकाला ‘बर्लिन’ आणि ‘हेर’ हे शब्द एकत्र ऐकल्यावर ते वर्ष आठवल्याशिवाय कसं राहील?

आता चित्रपटाबद्दल जे खटकतं तेही सांगतो. कथानकात गर्दी फार आहे. इस्रायली, अमेरिकन, रशियन, अरब, सगळे येऊन जातात आणि पहिला अर्धा तास कोण कोणाचा हे लावण्यात जातो. या सगळ्यांतले निम्मे गाळले असते तरी चित्रपटाचं काही बिघडलं नसतं. अ‍ॅक्शन मात्र पहिल्या प्रतीची. विशेषतः जोंग-सोंगच्या घरातली मारामारी. अरुंद खोल्या, स्वयंपाकघरातली भांडीकुंडी, हाताला लागेल ते हत्यार. नंतर तो वरून खाली कोसळतो, अंगाभोवती केबल गुंडाळलेली, काचेचं छत फोडत. पडलेला माणूस लगेच उठून धावत नाही. त्याला लागतं, तो कण्हतो, पुढची सारी पळापळ त्या दुखण्यासकट होते. संसार होता तिथेच त्याची मोडतोड झालेली आपण बघतो, म्हणून ती मारामारी लक्षात राहते.

दक्षिणेचा अधिकारी जिन-सू झालेला हान सुक-क्यू हा नट 1999 च्या ‘शिरी’मध्येही दक्षिणेचा गुप्तहेर होता. त्या गाजलेल्या चित्रपटात त्याची वाग्दत्त वधूच उत्तरेची हेर निघते. मधल्या चौदा वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर जी दमणूक आली, ती इथे फुकट गेलेली नाही. कम्युनिस्टांचा आयुष्यभर द्वेष केलेला, वरिष्ठांना नकोसा झालेला हा माणूस शेवटी जोंग-सोंगच्या बाजूला उभा राहतो. मैत्री वगैरे होत नाही. एकाची सरकारी माणसं दुसऱ्याला जगू देणार नाहीत, एवढं दोघांना कळलेलं असतं.

याच दिग्दर्शकाने 2021 मध्ये ‘एस्केप फ्रॉम मोगादिशू’ केला, तो मला याहून पक्का वाटतो. 1991 च्या जानेवारीत सोमालियाच्या राजधानीत यादवी पेटली, तेव्हा दोन्ही कोरियांच्या वकिलातींतली माणसं एकत्र जीव वाचवून निघाली, ही सत्य घटना. तोवर दोघेही संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वासाठी आफ्रिकी देशांची मतं मिळवायला एकमेकांवर कुरघोडी करत होते. उत्तरेची माणसं आसऱ्याला येतात, दक्षिणेवाले जेवायला वाढतात. पाहुणे घास उचलत नाहीत, विषाची भीती. मग यजमान राजदूत पाहुण्याच्या वाटीशी आपली वाटी बदलतो आणि स्वतः खायला लागतो. जेवण सुरू होतं. खारवलेली पेरिला नावाच्या भाजीची पानं एकमेकांना चिकटून बसलेली असतात, एकीच्या चॉपस्टिकला एक पान काही सुटत नाही. समोरची, पलीकडच्या वकिलातीतली बाई आपल्या चॉपस्टिकने खालची पानं दाबून धरते. पान सुटतं. कोणी कोणाकडे बघत नाही. पंगत म्हणतो ती ही. पुढे विमानातून उतरताना दोन्हीकडचे सरकारी लोक खाली थांबलेले असतात, म्हणून सगळे आतच निरोप घेऊन बाहेर अनोळखी होऊन चालू लागतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन्ही कोरिया एकाच दिवशी संयुक्त राष्ट्रांचे सदस्य झाले.

या तिसऱ्या गावाच्या गोष्टीत एक मराठी माणूसही आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात आहे. 1953 मध्ये कोरियातलं युद्ध थांबलं तेव्हा 22,000हून अधिक युद्धकैदी असे होते ज्यांना आपापल्या बाजूला परत जायचं नव्हतं. त्यांना सांभाळायचं काम भारतीय सैन्याकडे आलं. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि प्रत्यक्ष कैद्यांचा ताबा ज्या दलाकडे होता, त्याचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून त्यांना बोटीवरून हेलिकॉप्टरने थेट त्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथल्या छावणीचं नाव हिंद नगर. तारेच्या कुंपणाआड दोन्ही बाजूंचे हस्तक घुसलेले, घरी जातो म्हणणाऱ्याला रात्री त्याचेच साथीदार मारायचे. बंदुकीचा आधार कमीत कमी घेत ते जमाव आवरणं किती अवघड गेलं असेल, हे लष्करातलं ज्यांच्या घरात कोणी आहे त्यांना जास्त उमजेल.

आणि त्या हजारोंतले 88 जण असे निघाले, जे म्हणाले, उत्तर नको, दक्षिणही नको. 1954 च्या फेब्रुवारीत ते भारतात आले. त्यांत 76 कोरियन होते, बाकीचे चिनी. पुढे बरेच ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच राहिले. कोरियन साहित्यातली एक फार मोठी मानली जाणारी कादंबरी, चोई इन-हूनची ‘द स्क्वेअर’, 1960 साली याच माणसांवर लिहिली गेली. नायक जहाजातून तटस्थ देशाकडे निघालेला. जहाज भारतीय, नाव ‘टागोर’. तो किनाऱ्याला पोचत नाही, वाटेत समुद्रात नाहीसा होतो. दोन्ही घरं नाकारणारा माणूस मनाने कुठे राहतो, हा प्रश्न त्या कादंबरीने विचारला आणि कोरियन हेरपट तोच प्रश्न आजही गोळ्यांच्या आवाजात विचारत असतात. जोंग-सोंगही त्यातलाच. शेवटी त्याला उत्तर नाही, दक्षिण नाही, बर्लिनही नाही. तो व्लादिवोस्तोकचं एकतर्फी तिकीट काढतो. सूड घ्यायचा आहे, कारण बायको मेली आहे.

आणि इथेच माझं या चित्रपटाशी भांडण आहे. जंग-ही मरते, पोटातल्या बाळासकट, वाळक्या उंच गवताच्या माळावर, नवऱ्याच्या हातात. तिच्या मरणाने नवऱ्याला पुढच्या प्रवासाचं कारण मिळतं. चित्रपटाने दीड तास सांगितलं की या बाईला सगळे वापरून घेतात, आणि शेवटी त्यानेही तिला वापरलंच. वकिलातीतली प्रत्येक बोलणी तिच्या तोंडून झाली आहेत, दोन्ही बाजूंचं खरं-खोटं तिला सर्वांत जास्त ठाऊक आहे. ती काय विचार करत होती, हे आपल्याला जुन जी-ह्यूनच्या डोळ्यांवरून ताडावं लागतं. नटी म्हणून ते तिचं मोठं यश. पटकथेचं नाही.

जर्मनीत अशा बायकांच्या खऱ्या कहाण्या आहेत. 1950 च्या दशकात उत्तर कोरियाचे विद्यार्थी पूर्व जर्मनीत शिकायला आले, त्यांतल्या काहींनी जर्मन मुलींशी लग्नं केली. 1961 मध्ये प्याँगयांगने त्यांना माघारी बोलावलं. येना शहरातल्या एका तरुण बायकोच्या कडेवर वर्षाच्या आतला मुलगा होता, दुसरा पोटात. काही काळ नवऱ्याची पत्रं आली, मग बंद झाली. तिने दुसरं लग्न केलं नाही, दोन्ही मुलं वाढवली, म्हातारपणी सरकारांचे उंबरे झिजवले आणि 2008 मध्ये मुलांना घेऊन प्याँगयांगला जाऊन नवऱ्याला भेटली. सत्तेचाळीस वर्षांनी. तिथे त्याचं दुसरं कुटुंब होतं. सोबत त्याची मुलगीही भेटायला आली होती.

जानेवारी 2024 मध्ये किम जोंग-उनने एकीकरणाचं धोरण सोडल्याचं जाहीर केलं आणि दक्षिणेला मुख्य शत्रू ठरवलं. म्हणजे अशा भेटी परदेशातही अवघड होणार आणि हेरपट येतच राहणार. पुढचा बर्लिनचा चित्रपट कोणी करायला घेतलाच, तर त्याने दुभाषी बाईपासून सुरुवात करावी आणि तिला शेवटपर्यंत जिवंत ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. मी तो पहिल्या दिवशी पाहीन.